दहा दिवसांची चिठ्ठी

झोपेची गोळी मागणारे गिऱ्हाईक बहुधा घाईत नसते. दुकानात दोन-चार माणसे उभी असतील तर ते बाजूला थांबते, उगाच ग्लुकोजचे डबे न्याहाळते आणि गर्दी ओसरली की काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारते. मिरज हे दवाखान्यांचे गाव असल्यामुळे येथे अथणी, चिकोडी, जमखंडीकडचेही रुग्ण येतात, आणि आमच्या गल्लीत जितके दवाखाने आहेत जवळजवळ तितकीच मेडिकलची दुकाने आहेत. त्यांपैकी एक आमचे. बाहेरचे व्यवहार नवरा पाहतो आणि फार्मासिस्ट म्हणून काउंटरवर मी असते. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी लोक मोठ्याने मागतात, झोपेची मात्र कुजबुजत मागतात, हे मी इतकी वर्षे पाहत आले आहे.

त्या शनिवारी संध्याकाळी आलेल्या बाई मात्र कुजबुजल्या नाहीत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, वय सहासष्ट, उजव्या मनगटाला प्लास्टर आणि खांद्याला कापडी पिशवी. डाव्या हाताने त्यांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली.

"अगं बाळ, याची दोन पाकिटं दे. उद्या सकाळच्या गाडीनं लेकीकडे पुण्याला जायचंय."

ती चिठ्ठी लॅमिनेट केलेली होती. आधार कार्ड करून घेतात तशी चारी बाजूंनी प्लास्टिकमध्ये बंद. आत निळी शाई फिकट झाली होती, तरी अक्षर वाचता येत होते: अल्प्राझोलाम ०.५, त्यापुढे ०-०-१, म्हणजे फक्त रात्री एक, आणि अगदी कोपऱ्यात "दहा दिवस". तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. ज्यांची सही होती ते डॉक्टर आता हयात नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

चिठ्ठी लॅमिनेट करण्यामागे लोकांचा हेतू सरळ असतो. कागद फाटू नये, एवढाच. आमच्या दृष्टीने मात्र त्या प्लास्टिकमुळे चिठ्ठी निरुपयोगी होते. औषध दिल्यावर दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख डॉक्टरांच्या सहीच्या वर नोंदवावी लागते, आणि पुन्हा द्यावे असे डॉक्टरांनी लिहिलेले नसेल तर त्या चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. प्लास्टिकवर शिक्का उठत नाही, त्यामुळे अशी चिठ्ठी दर वेळी कोरीच राहते आणि कितीही वेळा वापरता येते. शिवाय अल्प्राझोलाम हे औषध नियमांतल्या एच-१ परिशिष्टातले औषध आहे. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या या नियमानुसार डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले नग यांची वेगळ्या वहीत नोंद करावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. बाई ज्या दुकानातून इतकी वर्षे गोळ्या नेत होत्या ते नुकतेच बंद झाले होते, आणि म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या.

अशा वेळी "नवी चिठ्ठी आणा" म्हणून हात झटकणे हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. मीही तेच म्हणणार होते. पण बाईंनी पैसे काढण्यासाठी पाकीट उघडले आणि त्यांच्या हातून नाणी काउंटरवर सांडली. डावा हात असल्यामुळे असेल, असे मला आधी वाटले. मग त्यांची बोटे नीट पाहिली. ती थरथरत होती. डिसेंबरचे दिवस होते, रस्त्यावर लोक स्वेटर घालून फिरत होते आणि बाईंच्या वरच्या ओठावर घाम होता.

"बाई, शेवटची गोळी कधी घेतली?"

"परवा. गुरुवारी रात्री संपल्या. काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही बघ. शेजारणीनं सर्दीची गोळी दिली होती, तिनं नुसती तोंडाला कोरड पडली. या गोळीशिवाय मला झोप येतच नाही, हे आता सिद्धच झालं की."

हे शेवटचे वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकले आहे, आणि ज्याला गोळी सोडायची आहे त्याची वाट बहुतेक वेळा तेच अडवते. रोज घेण्याची सवय असलेली अल्प्राझोलाम एकाएकी थांबवली की झोप पूर्वी होती त्यापेक्षाही बिघडते. छाती धडधडते, घाम फुटतो, हात कापतात, जीव घाबरा होतो. या औषधाची रक्तातली पातळी सुमारे अकरा तासांत निम्म्यावर येते, उतारवयात त्याहून जास्त वेळ लागतो, आणि म्हणून हा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. माणसाला वाटते की आपला जुना निद्रानाश उफाळून आला. प्रत्यक्षात तो गोळी तुटल्याचा त्रास असतो, आणि गोळी घेताच तो शमतो म्हणून गोळीची गरज आणखीच पक्की वाटू लागते. विचारले तेव्हा कळले की चिठ्ठीवर एक गोळी असली तरी गेली दोन वर्षे बाई दोन घेत होत्या. एकीने भागेनासे झाले होते. एवढ्या काळानंतर ती अचानक तुटली तर क्वचित फिटदेखील येऊ शकते. म्हणजे गोळी देणे बेकायदा होते, आणि न देता त्यांना पुण्याच्या गाडीत बसू देणे धोक्याचे होते.

आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका एम. डी. डॉक्टरांचा दवाखाना आहे. मी नवऱ्याला काउंटरवर उभे केले आणि बाईंना जिन्याने वर घेऊन गेले. बाई वाटभर नाराज होत्या. साध्या गोळीसाठी एवढा खटाटोप कशाला, आणि वरून तपासणीची फी.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि मग खुर्ची पुढे ओढून घेऊन प्रश्न विचारायला सुरुवात केली. झोप लागायला वेळ लागतो की मध्येच जाग येते? घोरता का? रात्री पाय अस्वस्थ होतात का? थायरॉईड कधी तपासले? दिवसा मन कशात लागते का? बाईंची उत्तरे आधी तुटक होती. मग त्या सांगू लागल्या. सहा वर्षांपूर्वी पती आजारी पडले, दवाखान्यात रात्री जागून काढाव्या लागल्या, तेव्हा जुन्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यानंतर पती गेले. दहा दिवस कधी संपले ते कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. आता त्या मालिका संपली की साडेआठला अंथरुणावर पडत, पहाटे साडेपाचला उठत आणि दुपारीही तासभर आडव्या होत. रात्री दोनदा-तीनदा लघवीला उठावे लागे. मनगट मोडले ते अशाच एका रात्री, बाथरूमच्या उंबऱ्यावर.

त्यांच्या पिशवीत रोजची औषधे होती, ती मी टेबलावर मांडली. रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टनच्या जोडीला हायड्रोक्लोरोथायाझाइड होते. त्याने लघवीचे प्रमाण वाढते, आणि बाई ती गोळी रात्री जेवणानंतर घेत होत्या. म्हणजे एका गोळीने झोप आणायची, दुसरीने रात्रीतून उठवायचे आणि पहिलीच्या गुंगीत दुसरीसाठी बाथरूमपर्यंत चालत जायचे, असा त्यांचा क्रम चालला होता. मी ते डॉक्टरांना दाखवले आणि त्यांनी ती गोळी त्याच क्षणी सकाळी न्याहारीनंतर घ्यायला सांगितली. वास्तविक इतके सोपे काम कोणीही, कधीही करू शकले असते. पण रक्तदाब पाहणारा एक, हाड बसवणारा दुसरा आणि झोपेची गोळी प्लास्टिकमधल्या चिठ्ठीवर मिळणारी, तेव्हा सगळ्या गोळ्या एका टेबलावर येण्याचा योगच आला नव्हता.

त्यानंतर डॉक्टरांनी अल्प्राझोलामच लिहून दिली. रात्री दोन गोळ्या, म्हणजे बाई घेत होत्या तेवढीच मात्रा. बाईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. पासष्टीनंतर या जातीच्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात, असे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या यादीत स्पष्ट म्हटले आहे; पडणे, हाड मोडणे आणि विसराळूपणा ही त्याची कारणे. हे डॉक्टरांना माझ्याहून अधिक माहीत होते. ते म्हणाले, "नव्यानं सुरू करायची असती तर मी दिली नसती. चालू असलेली एकदम तोडणंही तितकंच वाईट. आधी कापरं थांबू दे, मग उतरवत जाऊ." अशा वेळी काही डॉक्टर जास्त वेळ टिकणाऱ्या गोळीवर रुग्णाला नेऊन मग ती कमी करतात. पण या वयात तशी गोळी अंगात साचत जाते आणि दिवसाही झापड राहते, म्हणून त्यांनी तो मार्ग घेतला नाही. त्यांनी पुण्याच्या लेकीला फोन लावला, गोळ्या तिच्या ताब्यात राहतील असे ठरवले आणि पुण्याच्या मुक्कामापुरतेच नग लिहिले. खाली येऊन मी कात्रीने पाकीट कापले, उरलेल्या तुकड्यावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख शाबूत राहील असे बघून, चिठ्ठीवर शिक्का मारला आणि वहीत नोंद केली. बाईंनी शिक्क्याकडे बघून "आता हा कागद पुढं चालणार नाही म्हणायचा," एवढेच म्हटले.

पुण्याहून परतल्यावर उतरण सुरू झाली. दर दोन-तीन आठवड्यांनी पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि कमी केल्यावर त्रास झालाच तर तेथेच थांबायचे, पण मागे जायचे नाही, असा डॉक्टरांचा दंडक होता. त्याच्या जोडीला अंथरुणाची वेळ बदलली. साडेआठऐवजी साडेअकराला पडायचे, उठायचे साडेपाचलाच आणि दुपारची झोप बंद. बाईंना हा निव्वळ छळ वाटला. "झोप येत नाही म्हणून आले, तर हा मला झोपूच देत नाही," असे त्या दुकानात येऊन सांगत. वास्तविक नऊ तास अंथरुणावर पडून पाच तास झोपणाऱ्याला आधी सहाच तास अंथरुणात राहू द्यायचे, झोप घट्ट झाली की वेळ हळूहळू वाढवायची आणि जाग आली तर कुशी बदलत न राहता उठून बसायचे, हा जुन्या निद्रानाशावरचा चांगला पारखलेला उपचार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली अशाच वर्तनोपचाराला गोळीच्या आधीचे स्थान दिले. आपल्याकडे त्याचे शिक्षण घेतलेली माणसे मोठ्या शहरांबाहेर क्वचितच भेटतात, म्हणून डॉक्टरांनीच जमेल तेवढे केले आणि नोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे आले.

नोंदी ठेवण्यात बाईंचा हात कोण धरणार! शंभर पानी वहीला त्यांनी पट्टीने रेघा मारल्या: पडले किती वाजता, झोप लागली अंदाजे किती वाजता, किती वेळा उठले, सकाळी कशी होते. ज्या दिवशी गोळी कमी झाली तो दिवस लाल शाईने. प्लास्टर निघेपर्यंतचे अक्षर डाव्या हाताचे, वाकडेतिकडे, आणि पुढे एकदम वळणदार. पहिले काही आठवडे वाईट गेले. नंतर मध्यरात्रीच्या रकान्यात "उठून तांदूळ निवडले", "उठून पत्र लिहिले" असे शेरे दिसू लागले, आणि उठण्याचा आकडा तीनवरून एकवर आला. तो एक आकडा आणण्यात रक्तदाबाच्या गोळीची बदललेली वेळ किती आणि बाकीचे किती, हे सांगता येणार नाही. माझ्या मते पहिलीचा वाटा मोठा असावा.

झोपेच्या गोळ्या वाईटच, असे माझे म्हणणे नाही. त्याच सुमारास एक तरुण वडिलांच्या तेराव्यानंतर आला होता. डॉक्टरांनी त्याला झोल्पिडेमच्या पाच गोळ्या लिहिल्या होत्या आणि त्या मी निःशंकपणे दिल्या. पाच गोळ्या, पुन्हा नाहीत, आणि घेतल्यावर सात-आठ तास अंथरुणात राहायला मिळणार असेल तरच घ्यायच्या. हीच गोळी पहाटे तीनला दुधाचा टँकर घेऊन निघणाऱ्या ड्रायव्हरने रात्री अकराला घेणे ही वेगळी गोष्ट. तशा एकाला मी परत डॉक्टरांकडे पाठवले आणि तो चिडून दुसऱ्या दुकानात गेला. गोळी घ्यावी की नाही, या प्रश्नाला माझ्या काउंटरवरून तरी एकच उत्तर देता येत नाही. कशासाठी घेताय, किती दिवस घेणार आणि ती बंद कोण करणार, हे मी विचारते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांकडे नसते. बाईंच्या पहिल्या डॉक्टरांनी ते कोपऱ्यात लिहून ठेवले होते, पण ते पाळायला कोणी उरले नाही.

बाई आता पावच्या गोळीच्या अर्ध्यावर आल्या आहेत. ही अर्धी त्या घरी सुरीने कापतात आणि तुकडे सारखे होत नाहीत म्हणून माझ्याशी भांडतात. डॉक्टरांच्या मते तीही या महिन्यात सोडायला हरकत नाही, कारण एवढ्याशा मात्रेने झोपेत फारसा फरक पडत नसावा. बाईंचे म्हणणे असे की दिवाळीत लेक आणि नातवंडे येणार, घर भरलेले असणार, तेव्हा नसता प्रयोग नको. डॉक्टरांनी फार ताणून धरले नाही. या वेळच्या चिठ्ठीवर त्यांनी भाऊबीजेनंतरची तारीख घालून "पुढे नाही" असे लिहिले आहे, आणि बाईंनी ती तारीख आपल्या वहीत लाल शाईने उतरवून घेतली आहे.