ओपन जेनेरिक आणि हळदीची हिशेबपट्टी

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत्यांसाठी आम्ही हिशेबाची जी प्रणाली लिहिली, तिचे सुटे भाग जोडण्याचे काम मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रामिंग व्यासपीठातील ‘मेफ’ (मॅनेज्ड एक्स्टेन्सिबिलिटी फ्रेमवर्क) या फ्रेमवर्ककडे आहे. आवक, सौदे, हिशेबपट्ट्या या सर्वांचा साठा सांभाळणारा जेनेरिक क्लास, म्हणजे कोणत्याही प्रकारच्या नोंदींसाठी वापरता येणारा साचा, एकच होता. तरीही प्रत्येक प्रकारासाठी रिकामा उपवर्ग लिहून तो वेगळा एक्स्पोर्ट करावा, म्हणजे इतर भागांना वापरायला जाहीर करावा लागे, कारण 2010 साली डॉटनेट 4 सोबत आलेल्या मेफमध्ये ओपन जेनेरिकची, म्हणजे प्रकार न ठरवता साचाच एक्स्पोर्ट करण्याची, सोय नव्हती. 2012 मध्ये डॉटनेट 4.5 ने ती दिली, परंतु ही आवृत्ती विंडोज एक्सपीवर चालत नाही आणि यार्डातील बहुतेक गाळ्यांवर तेव्हा एक्सपीच होते. म्हणून ती सोय आम्हीच करायचे ठरवले.

अडचणीचे मूळ जुळणीच्या पद्धतीत आहे. मेफ इम्पोर्ट (एका भागाने केलेली दुसऱ्या भागाची मागणी) आणि एक्स्पोर्टची गाठ प्रामुख्याने कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे दोघांमधील कराराच्या, नावावरून घालतो, आणि हे नाव म्हणजे साधी स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) असते. ‘सौद्यांचा साठा’ हवा असताना कॅटलॉगात (उपलब्ध भागांच्या यादीत) ‘कशाचाही साठा’ असेल, तर ते जुळते हे माणसाला कळते, स्ट्रिंगच्या तुलनेला कळत नाही. आमच्या कॅटलॉगात मी ‘गेटएक्स्पोर्ट्स’ ही मेथड नव्याने लिहिली. इम्पोर्ट ज्या प्रॉपर्टीवर किंवा पॅरामीटरवर आहे तिचा खरा टाइप ‘रिफ्लेक्शनमॉडेलसर्व्हिसेस’कडून मिळवायचा, ‘मेकजेनेरिकटाइप’ने साच्यात तो टाइप भरून क्लोज्ड प्रकार घडवायचा आणि त्याची पार्ट डेफिनिशन (त्या भागाचे वर्णन) परत द्यायची, एवढेच काम होते.

चूक पुढे झाली. एका दिवाणजींनी वीस पोत्यांचा सौदा नोंदवून लगेच हिशेबपट्टी उघडली, तर शेतकऱ्याच्या नावापुढे काहीच दिसेना. मी प्रत्येक मागणीला नवी डेफिनिशन बनवत होतो. मेफचा कंटेनर, म्हणजे भाग तयार करून जोडणारा घटक, सामायिक पार्ट प्रत्येक डेफिनिशनमागे एकच ठेवतो, त्यामुळे पडद्यावरील दोन खिडक्यांना दोन वेगळे साठे मिळाले होते. पट्टी हातात पडेपर्यंत शेतकरी यार्डातच खोळंबून असतो, म्हणून हा दोष माझ्या फार मनाला लागला. क्लोज्ड प्रकार ही किल्ली धरून डेफिनिशन डिक्शनरीत जपून ठेवल्यावर आणि त्या डिक्शनरीला लॉक लावल्यावर तो गेला.

जेनेरिक पॅरामीटरवरील अटी न पाळणारा प्रकार आला, की ‘मेकजेनेरिकटाइप’ एक्सेप्शन (त्रुटीची सूचना) फेकतो. ते वर जाऊ न देता असा एक्स्पोर्ट उपलब्धच नाही असे सांगणे मला योग्य वाटते, कारण मग त्याच इम्पोर्टसाठी दुसरा पात्र क्लास असेल तर मेफ त्याला निर्वेधपणे निवडू शकतो.