रावणाकडे पाठ करून

नाशिकच्या गांधीनगरला दसऱ्याच्या संध्याकाळी रावण पेटला की अख्खं मैदान वर बघतं. अग्निशमन दलात होतो आणि बंबावर ड्युटी असायची तेव्हा आम्ही मात्र रावणाकडे पाठ करून गर्दीकडे बघायचो. वारा कुठल्या बाजूचा आहे, खांद्यावर पोर घेतलेले बाप दोराच्या किती जवळ सरकलेत, बंबाच्या वाटेत कुणी मोटारसायकल तर आडवी लावली नाही ना. आतले फटाके फुटताना जळका कागद उडतो. बांबूचा सांगाडा जळता जळता कुठंही कलतो, तो जागच्या जागी बसेल असं धरून चालता येत नाही. म्हणून पुतळ्याच्या उंचीपेक्षा जास्त जागा चारी बाजूंनी रिकामी हवी. त्या रिकाम्या जागेमुळेच ती आग सण असते.

देवळालीला तोफांचा सराव चालतो, तिथंही तेच. गोळा कुठं पडणार ते ठरलेलं आणि तेवढ्या टापूत माणूस नाही.

ही जागा राहिली नाही की काय होतं, ते आमच्या खात्यात दरवर्षी १४ एप्रिलला आठवतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. महायुद्धासाठी आणलेला दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात! कापूस धुमसत होता, जवान पाणी मारत राहिले आणि दुपारी चारनंतर जहाज फुटलं. ६६ अग्निशामक गेले. शत्रूचं एकही विमान त्या दिवशी मुंबईवर आलेलं नव्हतं.

पण मला जास्त छळतं ते दिल्लीचं उपहार थिएटर. १३ जून १९९७, पडद्यावर 'बॉर्डर'. लोक लोंगेवालाची लढाई बघायला आलेले, आणि खाली पार्किंगमधला ट्रान्सफॉर्मर पेटला. धूर वर बाल्कनीत चढला. ५९ माणसं गेली, बाल्कनीतली गुदमरून. उजव्या बाजूची बाहेर पडायची वाट ज्यादा खुर्च्या बसवून बंद केलेली होती. चार तिकिटं जास्त विकायला! इतकी वर्षं झाली, पण हे लिहिताना आजही हात थरथरतो.

म्हणून मी नातवंडांना सिनेमाला नेलं की बसण्याआधी बाजूचं दार ढकलून बघतो. नातीलाही ढकलायला लावतो. मागे एका मंगल कार्यालयात मागच्या दाराला जेवणाची टेबलं लावून वर पडदा सोडलेला दिसला आणि पुढच्या दारात वरातीचे फटाके वाजत होते. मॅनेजरला बोलावलं, टेबलं माझ्यासमोर हलवून घेतली. पंगत दहा मिनिटं थांबली, मुलीचे मामा माझ्यावर चिडले. चिडू देत. दार उघडल्यावरच मी पानावर बसलो.