धूमकेतूच्या बर्फातली भट्टीची धूळ

१९९७ च्या एप्रिलमध्ये संध्याकाळी गच्चीवर उभे राहिले की वायव्येला हेल-बॉप धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत असे. घरातली वडीलधारी माणसे त्याला शेंडेनक्षत्र म्हणत आणि ते शुभ की अशुभ यावर वाद घालत. त्याची एक शेपटी धुळीची आहे, एवढे मला ठाऊक होते. पण त्या धुळीत सूर्यमालेच्या जन्माचा वृत्तान्त दडलेला असेल, हे मात्र तेव्हा मनातही आले नव्हते.

धूमकेतू नेपच्यूनपलीकडच्या कडाक्याच्या थंडीत घडले, म्हणून सूर्याच्याही आधीची आंतरतारकीय, म्हणजे ताऱ्यांमधल्या अवकाशातली, धूळ त्यांच्या बर्फात जशीच्या तशी राहिली असणार, असे दीर्घकाळ मानले जात होते. ही अटकळ तर्काला धरून होती, पण ती तपासायची तर धूमकेतूचा कण हातात हवा. त्यासाठी नासाने ७ फेब्रुवारी १९९९ रोजी ‘स्टारडस्ट’ यान पाठवले. ज्या धूमकेतूकडे ते गेले तो पॉल विल्ट या स्विस खगोलशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये शोधलेला ‘विल्ट २’ होय. १९७४ मध्ये गुरूच्या फार जवळून जाताना त्याची कक्षा बदलली आणि तो आतल्या सूर्यमालेत येऊ लागला. म्हणजे सूर्याच्या उन्हात तो अजून फारसा भाजून निघालेला नव्हता.

२ जानेवारी २००४ रोजी यान त्याच्या केंद्रकापासून सुमारे २४० किलोमीटरवरून गेले. त्या वेळी धुळीचे कण सेकंदाला ६ किलोमीटरहून अधिक वेगाने येत होते, आणि अशा वेगाने कठीण पृष्ठभागावर आदळलेल्या कणाचे काहीच हाती लागत नाही. म्हणून टेनिसच्या रॅकेटएवढ्या चौकटीत एरोजेलच्या वड्या बसवल्या होत्या. एरोजेल म्हणजे सिलिकाचा असा विरळ फेस, की त्यात जवळजवळ सगळी हवाच असते. त्यात शिरताना कण हळूहळू थबकतो आणि मागे गाजराच्या आकाराचे बीळ सोडतो. संशोधक त्या बिळाच्या टोकाशी कण शोधतात, सभोवतालचा एरोजेलचा तुकडा कापून काढतात आणि कणाचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप करून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. हा ऐवज घेऊन कुपी १५ जानेवारी २००६ रोजी युटाच्या वाळवंटात उतरली.

मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ डोनाल्ड ब्राउनली यांच्या चमूला त्यात सापडले ते अपेक्षेच्या उलट होते. आंतरतारकीय कण अगदी थोडे; बाकी ऑलिव्हीन आणि पायरॉक्सीन यांचे स्फटिक. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्येही आढळणारी ही खनिजे आहेत, आणि स्फटिकरूपात ती यायची तर चांगलीच उष्णता लागते. त्याहून नवलाचा ‘इंती’ हा कण. इंका लोकांच्या सूर्यदेवाचे नाव त्याला दिले आहे. तो कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम यांनी समृद्ध अशा खनिजांचा होता. उल्कांमध्ये अशी खनिजे सापडतात ती सूर्यमालेतली सर्वांत जुनी, सुमारे ४५६.७ कोटी वर्षांची घनद्रव्ये, आणि ती हजार अंश सेल्सियसहून अधिक तापमानात, नवजात सूर्याच्या जवळ घनरूप झाली असे मानतात. इंतीतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाणही त्यांच्याशीच जुळते.

भट्टीजवळचा कण गोठणघरात पोहोचला कसा? नवजात सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीत आतला माल बाहेर वाहून नेणारी काहीतरी यंत्रणा होती, हे आता टाळता येत नाही. ती चकतीतली खळबळ असेल किंवा सूर्यालगतच्या चुंबकीय क्षेत्राने वर फेकलेले वारे असतील. मला पहिला पर्याय अधिक पटतो, पण निकाल लागलेला नाही. शाळेत शिकवलेले ‘जवळ खडक, दूर बर्फ’ हे चित्र ढोबळमानाने खरे असले, तरी धुळीने ती सीमा पाळली नव्हती.

एक खोच मात्र लक्षात ठेवायला हवी. एरोजेलमध्ये घुसताना अतिसूक्ष्म, भुसभुशीत कण वितळून त्याच्याच सिलिकात मिसळतात, आणि आंतरतारकीय धूळ असते ती नेमकी याच जातीची. त्यामुळे ‘थोडे सापडले’ याचा अर्थ ‘थोडेच होते’ असा सरळ लावता येणार नाही. उलट स्फटिकांबद्दल अशी शंका उरत नाही. १९९६ मध्येच युरोपच्या अवरक्त वेधशाळेला हेल-बॉपच्या धुळीत फॉर्स्टेराइट या मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हीनच्या खुणा दिसल्या होत्या. म्हणजे आम्ही गच्चीवरून जी शेपटी पाहत होतो, तिच्यातही आगीजवळून आलेली धूळ होतीच.