चांदोलीत तीन सकाळी, तीच रेघ

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी चांदोली राष्ट्रीय उद्यानात गेले तेव्हा माझ्या डोक्यात बुद्धपौर्णिमेची गणना होती. पाणवठ्यापाशी मचाण बांधायचं, रात्रभर जागायचं आणि पाण्यावर येईल ते मोजायचं. वनरक्षक दादांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "एकच सांबर दोन पाणवठ्यांवर गेलं तर? आणि जे आलंच नाही त्याचं काय?" मचाणावरची रात्र हौसेला ठीक, पण त्यातून जंगलात जनावरं किती ते कळत नाही.

कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ दिसला की बातमी होते. पण तो इथं राहणार तो गवा, सांबर, भेकर यांच्या जिवावर, आणि आमच्याकडे काम होतं त्यांचंच. २ किलोमीटरची सरळ रेघ, म्हणजे ट्रान्झेक्ट, उजाडताच चालायची. तीच रेघ तीन सकाळी. जनावर दिसलं की वेळ, कळपात किती, रेंजफाइंडरनं अंतर, आणि कंपासवर दोन दिशा: आपण चालतोय ती आणि जनावर दिसतंय ती. दोन दिशांमधल्या कोनाच्या साइननं अंतराला गुणलं की ते रेघेपासून काटकोनात किती लांब होतं ते निघतं. ६० मीटरवर, ३० अंशांत दिसलं तर ३० मीटर. दहावीत घोकलेलं साइन थीटा दहिवरात भिजलेल्या बुटांनी वापरायला लागेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्या सकाळी भेकर दिसलं. मी रेंजफाइंडर डोळ्याला लावेपर्यंत ते उडी मारून करवंदीच्या जाळीपाशी गेलं, आणि मी जाळीचंच अंतर घेतलं. मागून वनमजूर मामा हळूच म्हणाले, "ताई, आता हाय तितलं नगं. पयलं दिसलं तितलं घ्या." बरोबरच होतं. आपल्याला बघून जनावर लांब पळणार. पळाल्यावरचं अंतर लिहीत गेलं तर रेघेजवळ जनावरं कमी दिसतात आणि या अंतरांवरून जंगलात एकूण जनावरं किती ते काढायचं पुढचं सगळं गणित चुकतं. ते उभं होतं त्या झाडाच्या बुंध्यावर पुन्हा नेम धरला.

दुसऱ्या दिवशी पाच गवे दिसले. पण कोन काही जुळेना, सरळ रेघेवर आमचीच दिशा दर वेळी वेगळी. अर्धा तास दादांच्या कंपासला दोष दिला. दोष माझ्या मोबाईलच्या कव्हरमधल्या चुंबकाचा होता, आणि मी कंपास त्याच हातात धरत होते. त्या नोंदीपुढे 'कोन अविश्वसनीय' लिहावं लागलं. पाच गवे, डोळ्यांदेखत!

परतताना लेंड्या मोजायचे पट्टे, २ मीटर रुंद, २० मीटर लांब. गुडघ्यांवर बसून पाला बाजूला करायचा. तिथं एक दगडी बांध आडवा आला, वर गवत माजलेलं. मामांचं गाव पूर्वी याच जंगलात होतं. "ह्यो आमच्या चुलत्याचा. नाचणी हुती हितं," म्हणाले आणि लेंड्या मोजायला लागले. सांबराच्या बऱ्याच होत्या.

तिसऱ्या सकाळी काहीच दिसलं नाही. एक शेकरू ओरडत होतं तेवढंच. मी फॉर्म कोरा ठेवून घडी घालत होते, दादांनी तो परत उघडायला लावला. कोरा म्हणजे कुणी चाललंच नाही. सुरुवात आणि शेवटाची वेळ घातली, चाललेलं अंतर घातलं, आणि संख्येच्या रकान्यात शून्य लिहिलं.