भिंतीकडे तोंड

मंगळवार, रात्र

आज मी केलेलं सरांचं चित्र बाहेर आलं, ज्यांच्याकडे मी चित्रकला शिकले त्या सरांचं. बाहेर काढायचं नव्हतं. मागचा मोठा कॅनव्हास हवा होता, तो ओढताना हे पुढे सरकलं. नऊ वर्षांनी. सरांचा सदरा पिवळा पडलाय.

आधी वाटलं धूळ असेल. ओल्या कापसानं एक कोपरा हलकेच पुसला. नाही, रंगातच मुरलाय. व्हार्निश लावायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळे त्याच्यावरही ढकलता येत नाही. जवसाचं तेल. सदऱ्याचा पांढरा लोण्यासारखा फिरावा म्हणून मी तेव्हा त्यात तेलाचा हात सैल सोडला होता. पांढऱ्याला करडईचं किंवा खसखशीचं तेल घे, ते कमी पिवळं पडतं, हे सरांनी पहिल्याच वर्षी सांगितलेलं. त्याचा थर जवसाइतका चिवट होत नाही म्हणून मी वाद घातला. ते हसून गप्प बसले.

दुपारभर काही सुचलं नाही. ईझलवर त्या दोन मुलांचं चित्र, फोटोवरून करायचं, तारीख उलटून गेलेली. पंचवीस वर्षं हेच. एक थर लावायचा आणि थांबायचं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं. त्याला घाई चालत नाही. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त ठेवायचं, नाहीतर पुढे भेगा. इतकं सांभाळून केलेले चेहरे लोकांच्या भिंतींवर गेले. माझ्यासाठी म्हणून केलेलं हे एकच, आणि तेच असं झालं. पैशांचं आज लिहीत नाही.

पण मी ते भिंतीकडे का वळवलं होतं?

विचारणाऱ्यांना मी टिशियनचं सांगायचे, सोळाव्या शतकातल्या व्हेनिसच्या चित्रकाराचं. तो चालू असलेली चित्रं महिनोन् महिने भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि पुन्हा वळवली की हाडवैऱ्याकडे बघावं तसा त्यांच्यातल्या चुका शोधायचा, असं पाल्मा इल जोव्हाने या व्हेनिसच्याच चित्रकारानं सांगून ठेवलंय. सांगायला छान वाटायचं. पण तो नव्या नजरेनं बघता यावं म्हणून वळवायचा. मी बघावं लागू नये म्हणून वळवलं.

सर चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले होते. मग म्हणाले, “हात घाईत झालेत.” चेहऱ्याबद्दल अक्षर नाही. दोन महिने मी तो चेहरा केला होता. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नाही, आणि मग जायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी फ्लेमिश चित्रकार रुबेन्सचं ते पत्र आठवलं. 1638 सालचं, फ्लॉरेन्समधल्या चित्रकार सुस्टरमन्सला लिहिलेलं. युद्धावरचं चित्र त्यानं पेटीतून धाडलं होतं. ताजं चित्र इतके दिवस पेटीत बंद राहिलं तर पांढरे रंग पिवळसर पडतील, तसं झालं तर मधूनमधून उन्हात ठेवा, अशी त्यात सूचना. वाचलेलं होतं, विद्यार्थ्यांना शिकवलेलंही होतं. तेल अंधारात जास्त पिवळतं आणि उजेडात बरंचसं परत येतं. म्हणजे दोष एकट्या तेलाचा नाही. नऊ वर्षांचा अंधार मीच दिला.

हे कळल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. उलट जरा हलकं वाटलं. तेलाचं चुकलं असतं तर काही करता आलं नसतं. चित्र उचलून खिडकीशेजारच्या भिंतीला टेकवलं, थेट ऊन लागणार नाही पण भरपूर उजेड मिळेल अशा बेतानं. पूर्ण पांढरा होणार नाही. जेवढा होईल तेवढा.

मग दिवा जवळ घेऊन हात पाहिले. डावा अंगठा नुसता एका फटकाऱ्यात उरकलेला, खाली सावलीसुद्धा नाही. घाईतच झालेत. आता थर पक्का वाळलाय, वरून सुधारता येतील. सुधारणार नाही. त्यांनी पाहिलेत तसेच राहू देत.

मुलांच्या चित्रात धाकटीचे हात राहिलेत. ते आज उरकणार होते. ब्रश धुऊन ठेवले.