सब टीचर: रोज नवी शाळा, रोज नवा वर्ग

इकडे कॅलिफोर्नियात शिक्षक व्हायचं म्हणजे आपल्याकडच्या बी.एड.सारखं पाठ टाचणं लिहिली, पाठ घेतले आणि सुटलो असं नाहीये. क्रेडेन्शियल (शिक्षकाचं लायसन्स) प्रोग्रॅमला ॲडमिशन, त्यात ६०० तास दुसऱ्याच्या वर्गात काम (माझ्या प्रोग्रॅममध्ये तरी बिनपगारी), मग स्वतः शिकवतानाचा व्हिडिओ काढून तपासायला पाठवायचा, आणि एवढं करून हातात येतं ते प्रिलिमिनरी, म्हणजे पाच वर्षांपुरतं. मग मधल्या काळात चार पैसे यावेत म्हणून बरेच जण सब करतात, मीही करते.

सब म्हणजे टीचर रजेवर असली की त्या दिवशी तिच्या जागी उभं राहायचं. परमिट राज्याचा शिक्षक आयोग देतो. पदवी लागते, त्यामुळे पुण्याच्या बी.एस्सी.ची सगळी मार्कशीट्स आयोगाने मान्य केलेल्या एजन्सीकडून तपासून घ्यावी लागली, शिवाय बोटांचे ठसे, टीबीची तपासणी वगैरे. पूर्वी सीबेस्ट नावाची परीक्षा असायची, पण २०२४ पासून पदवीवाल्यांची त्यातून सुटका झालीय. आणि एच-फोरवाल्या (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर इकडे आलेल्या) मैत्रिणींनो, आधी ईएडी, म्हणजे काम करायच्या परवानगीचं कार्ड, हातात हवं, नाहीतर हे सगळं वाचून काही उपयोग नाही. परमिटच्या नावात ३० दिवस असले तरी ते चालतं वर्षभर, फक्त एकाच टीचरच्या जागी किती दिवस राहता येतं त्याला मर्यादा असते.

पहाटे ॲपवर कामं येतात आणि चहा उकळेपर्यंत जातातही. शाळेत पोचलं की ऑफिसमधून किल्ली घ्यायची, वर्ग उघडायचा आणि टेबलावर सब प्लॅन शोधायचा. खरी गंमत इथून सुरू होते, कारण टीचर कशी आहे ते ती नसताना जास्त कळतं. एका तिसरीच्या वर्गात प्लॅनमध्ये लिहिलेलं, अमुक मुलगा मोठ्याने वाचणार नाही, आग्रह करू नका, त्याला कागद वाटायला सांगा. बेल झाली तर पोरं आपापली बॅग अडकवून वाचायला बसलीसुद्धा, मी फक्त बघत उभी, वर एकीने मला सांगितलं की कॅलेंडर राहिलंय. याउलट सातवीच्या गणिताला टेबलावर नुसती चिठ्ठी, 'वर्कशीट द्या'. ते वर्कशीट दहा मिनिटांत संपलं, पुढे मी आणि ती पोरं. जागा बदलल्या, नावं बदलली, 'आमची टीचर आम्हाला फोन वापरू देते' हेही झालं (कुठलीच देत नाही हो).

हजेरी घेताना वेदांत, आर्या मी न अडखळता वाचते तेव्हा दोन माना झटकन वर होतात, पण पुढचं नाव व्हिएतनामी किंवा मेक्सिकन आलं की माझीही गाडी अडकते, मग सरळ विचारते, तूच सांग बाळा.

संध्याकाळच्या क्लासला प्रोफेसर सांगतात मुलांशी नातं जोडा. बरोबर आहे, पण सबकडे त्यासाठी सकाळी सव्वाआठ ते दुपारी अडीच एवढाच वेळ! तेवढ्यात उपयोगी पडतात त्या बारीकसारीक गोष्टी, आणि त्या मी वर्गावर्गातून चोरते. दारातच उभं राहून एकेकाला हाय म्हणायचं. पेन्सिलींचे दोन डबे ठेवायचे, टोक असलेल्या आणि टोक गेलेल्या, म्हणजे शार्पनरपाशी रांग लागत नाही. 'वन टू थ्री, आईज ऑन मी' म्हटलं की पोरं 'वन टू, आईज ऑन यू' ओरडतात आणि गप्प होतात, निदान चौथीपर्यंत तरी. ६०० तासांत मेंटॉर टीचर एखाददुसरीच मिळते, सबला मात्र जिल्हाभरचे वर्ग बघायला मिळतात, म्हणून कोणी विचारलं तर मी सांगते, प्रोग्रॅमला जायच्या आधी थोडं सबिंग करच.

पैशांचं मात्र आपल्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांसारखंच, काम नाही तर पगार नाही. थँक्सगिव्हिंग, डिसेंबरची सुट्टी, उन्हाळा, सगळं कोरडं. त्यामुळे यंदा जूनमध्ये रिकामी असताना गणिताची सीसेट (शिक्षकाचं विषयाचं ज्ञान तपासणारी परीक्षा) उरकून टाकायचा विचार आहे, फाउंडेशनल, म्हणजे कॅल्क्युलसशिवायच्या लेव्हलला दोनच पेपर द्यावे लागतात. कॅल्क्युलसचा तिसरा पेपर सध्या नकोच, सातवी-आठवीला शिकवायला तो लागतही नाही.