दोन्ही घड्याळं

१० डिसेंबर २०२४. दिल्लीचं इंदिरा गांधी एरिना, आशियाई महिला हँडबॉल स्पर्धेची फायनल, जपान विरुद्ध दक्षिण कोरिया. मी मधल्या रेषेजवळच्या टेबलाशी बसले होते आणि साठ मिनिटांत एकही गोल मी नीट पाहिला नाही.

माझं काम स्कोअरबोर्डचं. अधिकृत टाइमकीपर आणि स्कोअरर शेजारी बसतात. ते सांगतील ते मी बोर्डावर उमटवायचं. या कामात बॉलकडे बघायचं नाही, पंचांकडे बघायचं. बॉल जाळ्यात गेला एवढ्यावर गोल लावायचा नसतो. पंचांच्या दोन तोकड्या शिट्ट्या आल्या की मग बटण. पंचांनी दोन बोटं वर केली की कुणीतरी दोन मिनिटं बाहेर, तिची वेगळी उलटी मोजणी सुरू. तीन शिट्ट्या आणि हातांचा 'टी' झाला तरच मुख्य घड्याळ थांबवायचं. गोल झाला म्हणून ते थांबत नाही. आणि टाइमकीपरच्या पुढ्यात एक हातातलं स्टॉपवॉचही चालू असतं. खेळ थांबला की मी दर वेळी त्या दोन्हींचे आकडे ताडून बघते. एवढं कुणी सांगितलेलं नाही, पण माझ्याच्यानं राहवत नाही.

त्याचं कारण जुनं आहे. कॉलेजात मी गोलकीपर होते. मैदान मातीचं, रेषा फक्कीच्या, वेळ मोजायला मनगटी घड्याळ. एका विभागीय सेमीफायनलमध्ये आम्ही एका गोलने मागे होतो आणि आमच्या लेफ्ट विंगरने शेवटी उडी मारून बरोबरीचा गोल केला. टेबलावरून सांगण्यात आलं की वेळ आधीच संपली होती. आमच्या सरांच्या घड्याळात अजून वीस सेकंद शिल्लक होते. सर भांडले, आम्ही रडलो, गोल बाद तो बादच. ती विंगर त्यानंतर खेळलीच नाही. घरच्यांना निमित्त हवंच होतं. मला अजून वाटतं, तो गोल धरला असता तर निदान एक वर्ष तरी ती आणखी खेळली असती.

ही स्पर्धा भारतात पहिल्यांदाच भरत होती. आठ संघ, आणि पहिल्या चारांना २०२५च्या जागतिक स्पर्धेचं तिकीट. भारताने हाँगकाँगला हरवलं त्या दिवशी बटणावरचं माझं बोट थरथरत होतं. मुद्दाम श्वास मोजत बसले होते. फायनलला आपला संघ नव्हता, तरी पोटात तसाच गोळा. आधीच्या १९ स्पर्धांपैकी १६ कोरियाने जिंकलेल्या. जपानचं एकच विजेतेपद, तेही २००४चं. समोर धावणाऱ्या मुलींतल्या काही जणी तेव्हा नीट चालायलाही शिकलेल्या नसतील.

उत्तरार्धातली शेवटची मिनिटं मला आवाजांतच आठवतात. बुटांची चिरचिर, बाकावरून येणारी ओरड, शिट्टी. शेवटच्या तीस सेकंदांना हँडबॉलमध्ये वेगळाच नियम आहे. या वेळात प्रतिस्पर्ध्याचा थ्रो नियमबाह्यपणे अडवला, तर थेट लाल कार्ड आणि समोरच्यांना सेव्हन मीटर, म्हणजे सात मीटरवरून फक्त गोलकीपरसमोर मारायचा पेनल्टी थ्रो. प्रत्येक अर्ध तीस मिनिटांचं, म्हणजे घड्याळात २९:३० दिसतंय की २९:२९, यावर सामना फिरू शकतो. आणि हे घड्याळ माझ्या हाताखाली. मान वळवून बॉल बघायचा मोह किती झाला! वळवली नाही. पंचांच्या तोंडातल्या शिट्टीवर नजर ठेवून बसले.

हूटर वाजला तेव्हा बोर्डावर जपान २५, कोरिया २४. वीस वर्षांनी जपान पुन्हा विजेता. टेबलावरच्या कुणाला टाळी वाजवता येत नाही, आम्ही जागच्या जागी बसून होतो. मी आधी शेजारच्या स्टॉपवॉचकडे पाहिलं आणि मगच मैदानाकडे. एका बाजूला मिठ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला एक मुलगी जमिनीवर बसलेली, गुडघ्यांत तोंड खुपसून. कितीतरी वेळ मी तिच्याकडेच बघत होते.

रात्री खोलीवर आल्यावर त्या विंगरला फोन लावला. नाशिकला असते, दोन मुलं आहेत. तिने मोबाइलवर निकाल पाहिला होता.

"एका गोलने गं! तू तर अगदी समोर होतीस. शेवट कसा झाला, सांग ना."

"शेवट मी पाहिलाच नाही," मी म्हटलं. "पण दोन्ही घड्याळं जुळली."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सेकंदाला सेकंद?"

"सेकंदाला सेकंद."